एनियॅकच्या सहा आज्ञाकार

‘कॉम्प्युटर’ हा शब्द आज यंत्राचे नाव म्हणून घरोघरी रूढ आहे. पूर्वी मात्र ते माणसाच्या हुद्द्याचे नाव होते. जो आकडेमोड करी, तो कॉम्प्युटर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे गणित शिकलेल्या अनेक तरुणींना सैन्याने याच हुद्द्यावर नेमले होते. तोफेचा गोळा कोणत्या मार्गाने जाऊन कोठे पडेल, याची कोष्टके त्या तयार करीत. अशा एका मार्गाचा हिशेब हातयंत्रावर पुरा करण्यात कित्येक तास खर्ची पडत.

हा विलंब टाळावा म्हणून पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात जॉन मॉक्ली व प्रेस्पर एकर्ट यांनी ‘एनियॅक’ हे यंत्र उभारले. जुन्या रेडिओत असत तसे सुमारे १८,००० व्हॉल्व्ह त्यात होते. वजन सुमारे ३० टन आणि वेग सेकंदाला ५,००० बेरजा! परंतु ज्याला पाढे पाठ आहेत, त्याला उदाहरण सोडविता येतेच असे नाही. कोणती क्रिया आधी करावी, उत्तर कोठे ठेवावे, केव्हा थांबावे, हे यंत्राला कोणीतरी सांगावे लागते. या क्रमवार सूचनांनाच आज्ञावली म्हणतात.

१९४५ साली हे काम सहा जणींवर सोपविण्यात आले. कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन ही त्यांची नावे. यंत्र गुप्त असल्यामुळे प्रारंभी त्यांना त्याच्याजवळ जाण्याचीही मुभा नव्हती. केवळ जोडणीचे आराखडे हाती दिले गेले. ना पाठ्यपुस्तक, ना शिक्षक. गोळ्याचा प्रवास त्यांनी अत्यल्प कालखंडांत विभागला, प्रत्येक खंडातील वेग व उंची काढण्याच्या पायऱ्या ठरविल्या, आणि मग तारा जोडून व खटके फिरवून त्या यंत्रात उतरविल्या. नवे उदाहरण घालावयाचे तर दिवसच्या दिवस ही जुळवाजुळव चाले.

फेब्रुवारी १९४६ मध्ये यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. ज्या मार्गाला प्रत्यक्ष गोळ्यास ३० सेकंद लागत, त्याचे गणित यंत्राने २० सेकंदांत सोडविले. पाहुणे थक्क झाले. त्या रात्री मेजवानी झाली. तिचे निमंत्रण या सहा जणींना नव्हते.

पुढे तारांची ही कटकट संपली. २१ जून १९४८ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आज्ञावली यंत्राच्याच स्मृतीत साठवून प्रथम चालविण्यात आली. त्याच वर्षी एनियॅकलाही साठविलेल्या आज्ञावलीवर चालण्याजोगे रूप मिळाले, आणि त्या कामातील आज्ञाकारांच्या गटाचे नेतृत्व जीन जेनिंग्ज यांनी केले होते. आजचा खिशातील दूरध्वनीही स्मृतीतील आज्ञा एकामागून एक उचलून पार पाडीत असतो. गती अफाट वाढली; रीत तीच राहिली.

१९८० नंतरच्या दशकात कॅथी क्लाइमन या विद्यार्थिनीने जुन्या छायाचित्रांतील स्त्रिया कोण, अशी चौकशी केली. यंत्र शोभून दिसावे म्हणून उभ्या केलेल्या त्या मॉडेल आहेत, असे तिला सांगण्यात आले. तिचे समाधान झाले नाही. तिने शोध घेतला, त्या स्त्रियांची भेट घेतली व त्यांच्या आठवणी नोंदवून ठेविल्या. १९९७ साली सहाही जणींचा तंत्रज्ञान क्षेत्रातील स्त्रियांच्या मानमालिकेत समावेश झाला. प्रात्यक्षिकाला तेव्हा ५१ वर्षे उलटली होती, आणि रूथ लिक्टरमन तो सन्मान पाहावयास हयात नव्हत्या.