थिजलेले खोबरेल काय सांगते?

थंडीच्या दिवसांत खोबरेल तेलाची बाटली सकाळी उन्हात ठेवावी लागते. शेंगदाण्याच्या तेलाला मात्र काही होत नाही. दोन्ही तेलेच, मग हा फरक का? त्याचे उत्तर रेणूंच्या आकारात आहे आणि आपल्या हृदयाशीही त्याचा संबंध आहे.

तेल असो की तूप, त्याची मुख्य घडण एकच. ग्लिसरॉलच्या एका लहान रेणूला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. साखळीतल्या कार्बन अणूंमध्ये सर्वत्र एकेरी बंध असले, तर ती सरळ राहते. सरळ काटक्यांची मोळी जशी घट्ट बांधता येते, तशा या साखळ्या दाटीने बसतात आणि तेल थिजते. ही संपृक्त मेदाम्ले. खोबरेलात ती सुमारे ९० टक्के असतात. साखळीत दुहेरी बंध असला, की त्या जागी ती वाकते. वाकड्या काटक्यांची मोळी सैलच राहणार! शेंगदाणा, करडई, जवस यांच्या तेलांत अशी असंपृक्त मेदाम्ले भरपूर असतात. म्हणून ती पातळ राहतात.

हा वाक शरीरालाही हवा असतो. प्रत्येक पेशीचे आवरण फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे असते. १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी तांबड्या रक्तपेशींतील मेद पाण्यावर पसरून तसा निष्कर्ष काढला. वाकलेल्या साखळ्या या आवरणाला लवचीक ठेवतात, तर कोलेस्टेरॉल त्याचा तोल सांभाळते. पित्ताम्ले, ड जीवनसत्त्व आणि काही संप्रेरकेही शरीर कोलेस्टेरॉलच्या मार्गानेच तयार करते. म्हणजे कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. त्याचे वाईट रूप, एलडीएल, रक्तात फार वाढले, की रोहिण्यांच्या भिंतींत ते साचू लागते.

आता वनस्पती तुपाकडे वळू. निकेलच्या साहाय्याने तेलात हायड्रोजन मिसळला, की दुहेरी बंध कमी होतात. काही बंध शिल्लक राहतात, पण त्यांतल्या बऱ्याच ठिकाणचा वाक जवळजवळ नाहीसा होतो. ही ट्रान्स मेदाम्ले. ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगले कमी करतात. वनस्पती तूप स्वस्त आणि टिकाऊ, म्हणून खारी, नानकटाई, फरसाण यांतून ते पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पोटात गेले. भारतात त्यातील ट्रान्स मेदाची मर्यादा २०११ मध्ये १० टक्के ठरवली गेली. २०२२ पासून ती २ टक्क्यांवर आली आहे.

कायद्याने आपले काम केले, उरलेले स्वयंपाकघरात करायचे आहे. मेद पूर्ण बंद करू नका. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे अंगी लागायला तो लागतोच. मात्र एका ग्रॅममधून ९ कॅलरी मिळतात, तेव्हा हात आखडता हवा. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. पाकिटावर ‘हायड्रोजनीकृत’ हा शब्द दिसला, तर पाकीट खाली ठेवा. आणि जवसाची चटणी पानात असू द्या.