कुत्र्याच्या जबड्याला कुलूप असते काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी बोलावयास उभे राहिले म्हणजे स्त्रीशिक्षण, संसार, मुलांवरील संस्कार अशा एखाद्या भारदस्त विषयावर बोलावे, अशी आपली रीत आहे. मी मात्र आज कुत्र्याच्या जबड्याविषयी बोलणार आहे. विषय कळविला तेव्हा आपल्या चिटणीसबाई हसल्या. मीही हसले असते. परंतु तीन वर्षांपूर्वी जे डोळ्यांनी पाहिले, त्यानंतर मला या विषयाचे हसू येत नाही.

माझ्या नणंदेची सात वर्षांची नात सुट्टीत आमच्याकडे आली होती. शेजारच्या मळ्यात राखणीसाठी पिटबुल जातीचा कुत्रा आणला होता. एके दिवशी त्याची साखळी निसटली आणि त्याने पोरीचा दंड धरला. आम्ही पाच-सहाजणी धावलो. इतक्यात कोणीतरी ओरडले, "अगं, या जातीचा जबडा लॉक होतो! आता जीव गेला तरी सुटायचा नाही!" ते ऐकले मात्र, आमचे भानच हरपले. आम्ही पोरीला एकीकडे आणि कुत्र्याला दुसरीकडे ओढू लागलो. ओढणाऱ्यांत मी सर्वांत पुढे होते.

तेवढ्यात मळ्यावरचा म्हातारा गडी आला. "वढू नका बाई, मास फाटतंय!" असे म्हणून त्याने मागून येऊन कुत्र्याला दोन्ही मांड्यांत घट्ट धरले, गळ्यातला पट्टा मुठीत घेऊन पिळला आणि वर उचलून धरला. श्वास कोंडला तशी कुत्र्याने आपण होऊन तोंड उघडले. टाके घालताना डॉक्टर म्हणाले, "दातांची भोके चार आहेत. बाकीची जखम ओढाओढीची आहे." भगिनींनो, ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही. पोरीच्या दंडावरचा लांब वण कुत्र्याने केलेला नाही, तो आम्ही केलेला आहे.

पुढे माझ्या मनात आले, की जबड्याला कुलूप असते, तर ते पट्टा पिळल्याने उघडले कसे? मी एका पशुवैद्यांकडे गेले. त्यांनी कपाटातून कुत्र्याची कवटी काढून माझ्या हाती दिली आणि म्हणाले, "यात कडी कोठे आहे ते तुम्हीच दाखवा." मी पुष्कळ शोधली. कानाच्या पुढे एका आडव्या खाचेत खालच्या जबड्याचा गोल गड्डा बसतो आणि दाराच्या बिजागरीसारखा वर-खाली फिरतो. बस, एवढेच. जबडा मिटविण्याचे काम कानशिलावरचे व गालातले मोठे स्नायू करतात. आपल्या घरातला अडकित्ताच डोळ्यांपुढे आणा. सुपारी करकचून धरते ती हाताच्या जोरावर. मूठ सैल केली की अडकित्ता सुटतो. पिटबुल असो, अल्सेशियन असो की आपल्या उकिरड्यावरचे गावठी कुत्रे असो, बिजागरी तीच. डोके मोठे, स्नायू मोठे, तर जोर अधिक, फरक तेवढाच. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाचे ब्रिस्बिन नावाचे शास्त्रज्ञ यांनीही हेच सांगितले आहे, की या जातीच्या जबड्यात कुलपासारखी कोणतीही रचना असल्याचा पुरावा नाही.

मग ही समजूत आली कोठून? तिच्यात थोडे तथ्य आहे, पण ते हाडात नसून स्वभावात आहे. इंग्लंडात पूर्वी बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा क्रूर खेळ चाले. बैलाचे नाक धरून न सोडणारा कुत्रा तो उत्तम, असे मानून पिढ्यान् पिढ्या तसलीच पैदास केली गेली. १८३५ साली तेथे कायद्याने तो खेळ बंद झाला, परंतु धरले की धरून ठेवण्याची खोड रक्तात उतरली. आपल्या मराठवाड्यातला कारवानी कुत्रा पाहा. सशामागे धावण्यासाठी तो जोपासला, म्हणून ससा दिसला की तो वाऱ्यासारखा सुटतो. म्हणून काही त्याच्या पायांत यंत्र आहे असे आपण म्हणत नाही. एकाला धावण्याची ओढ, दुसऱ्याला धरून ठेवण्याची. हट्टी मूल पदर सोडीत नाही, म्हणून त्याच्या मुठीला कुलूप आहे असे कोणी म्हणते काय?

यावरून असले कुत्रे निरुपद्रवी असतात असा अर्थ कोणी काढू नये. २०२२ साली लखनौला एका वृद्ध बाईंचा घरच्याच पिटबुलने जीव घेतला. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारने २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री थांबवावी असे पत्र राज्यांना धाडले. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेतल्यामुळे कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते रद्द ठरविले. कायद्याचा वाद कायदेपंडितांनी पाहावा. ज्याने असा कुत्रा दारी बांधला, त्याने साखळी, फाटक आणि पट्टा यांची काळजी घ्यावी, एवढे म्हणण्याचा हक्क मात्र आपणा शेजारणींना आहे.

ऐकीव गोष्ट किती फुगते हे आपल्या जिल्ह्याला निराळे सांगावयास नको. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातील लवूळ गावी वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून नेत होती. ती बातमी सातासमुद्रापार गेली, आणि तिकडच्या वर्तमानपत्रांत आकडा अडीचशेवर पोचला. वनखात्याने वानरे धरली ती दोन! तेथे फुगवट्याने कोणाचे फारसे बिघडले नाही. जबड्याच्या कुलपाची गोष्ट तशी नाही. तिने आमचे भान घालविले आणि पोरीचा दंड फाटला.

या समजुतीचा आणखी एक तोटा आहे. आपण विलायती जातीला भितो आणि दारातल्या ओळखीच्या कुत्र्याने ओरखडा काढला तर हळद लावून गप्प बसतो. खरे भय कशाचे, ते ऐका. पिसाळलेल्या कुत्र्याचा एक प्रकार असा असतो, की तो अंगावर येत नाही. त्याच्या जबड्याचे स्नायू लुळे पडतात, तोंड उघडे राहते, लाळ गळते. घशात हाडूक अडकले असेल म्हणून एखादी कनवाळू बाई त्याच्या तोंडात हात घालते, आणि घात होतो. म्हणजे पाहा, न उघडणाऱ्या जबड्याची आपण भीती बाळगतो, आणि न मिटणारा जबडा आपल्या ध्यानातही येत नाही!

म्हणून माझ्या भगिनींना माझे हात जोडून सांगणे आहे. कुत्र्याने धरले तर ओढाओढ करू नका. त्याच्या तोंडाजवळ हात नेऊ नका. पट्टा धरण्याचे काम त्याच्या ओळखीच्या माणसाला करू द्या. सुटल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवा. चुना, मिरची, तेल काही लावू नका. तडक सरकारी दवाखाना गाठा. पोटात चौदा सुया घेण्याच्या भीतीने आपल्यातल्या थोरल्या बायका अजून कचरतात. ती जुनी लस २००४ अखेर आपल्या देशात बंद झाली. आता दंडावर टोचतात. पहिल्या दिवशी, आणि त्यानंतर ३, ७ व २८ दिवसांनी. जखम खोल असेल तर जखमेतही एक औषध टोचावे लागते. धनुर्वाताची सुई विसरू नका. दातखीळ बसते ती त्या रोगाने, आणि जबड्याचे खरे कुलूप तेच.

शेवटी एक गोष्ट. दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातल्या किती मायबहिणी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात! आई फडात, लेकरू कोपीपाशी, आणि भोवती कुत्री. तेथे पहिली सुई मिळते, मग टोळी दुसऱ्या गावी हलते आणि उरलेल्या सुया राहून जातात. त्या बायांना एवढे सांगा, की दवाखान्याचा कागद पदराला बांधून ठेवा; उरलेल्या सुया दुसऱ्या गावच्या सरकारी दवाखान्यातही घेता येतात. यंदा निघणाऱ्या प्रत्येक बाईच्या कानावर हे घालण्याचे काम आपल्या मंडळाने अंगावर घ्यावे, एवढीच आजच्या दिवशी माझी मागणी आहे.

ती पोर आता दहा वर्षांची आहे. परवा ती मला म्हणाली, "आजी, तुम्ही तेव्हा मला वाचवलंत." मी तिला खरे काय ते सांगितले, आणि आज तुम्हालाही सांगितले. माझे दोन शब्द पुरे करते.