पालकांचा अभिप्राय आणि गावची शाळा



गावच्या प्राथमिक शाळेविषयी पालकांना विचारण्याची प्रथा आपल्याकडे फारशी रुजली नाही. मत मात्र असतेच. ते पारावर, पाणवठ्यावर उमटते. गुरुजी वेळेवर येतात का, मुलीस धडा वाचता येतो का, खिचडी कशी शिजते, यांवरून पालक शाळेची पारख करतात. ती बहुधा अचूक असते.

१ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षण हक्क अधिनियमाने या मताला कायदेशीर स्थान दिले. जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात. पालकांच्या नियमित सभा घेऊन पाल्याची हजेरी व प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्यच ठरले.

परंतु सभा सकाळी अकराला ठेवली, तर मजुरीस गेलेली आई येणार कशी? कित्येकदा तिचा अंगठा मागाहून घेतला जातो आणि इतिवृत्त निर्दोष दिसते!

शिक्षकांचीही बाजू आहे. जनगणना, निवडणूक, आपत्तिनिवारण ही कामे कायद्यानेच त्यांच्याकडे ठेवली आहेत. द्विशिक्षकी शाळेतील एक शिक्षक तिकडे गेला की दुसऱ्यावर सर्व वर्ग येतात; पालकांना ऐकू येतो तो केवळ गोंगाट. कारण सभेत सांगितले, तर राग निवळतो. न सांगितल्यास मूल तालुक्याच्या शाळेच्या गाडीत बसते. तोही अभिप्रायच; पण तो कळेतो पट घसरलेला असतो, आणि पटावरच शिक्षकाचे पद अवलंबून असते. सभा सायंकाळी, वस्तीवर घ्यावी. प्रथम मातांना बोलू द्यावे.