श्रद्धा आणि शेजार
(संस्थेच्या पालक मेळाव्यातील भाषण)



ख्रिस्ती माणसाने परधर्मीयांशी कसे वागावे, हे सांगण्यासाठी आपण एका ख्रिस्ती माणसालाच बोलावलेत, याबद्दल मी आभारी आहे.

आपल्याला ठाऊक असलेल्या प्रसंगापासून सुरुवात करतो. इ. स. ६१५ च्या सुमारास मक्केतील छळामुळे काही मुसलमान समुद्र ओलांडून हबशाला गेले. तेथील राजा नजाशी तेव्हा ख्रिस्ती होता. कुरैशांचे दूत नजराणे घेऊन त्यांना परत मागायला आले. नजाशीने आधी आश्रितांचे म्हणणे ऐकले. हजरत जाफर यांनी सूरह मरयममधील भाग म्हणून दाखवला. राजाने नजराणे परत केले आणि आश्रितांना अभय दिले. दुसऱ्याचे आधी ऐकून घ्यावे, हा पहिला धडा.

दुसरा धडा आपल्या नाशिकशी जोडलेला आहे. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक काही काळ नाशिकला शिकले; पत्नी लक्ष्मीबाई जवळच्याच जलालपूरच्या. १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घरावर आभाळ कोसळले. पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई परतल्या, त्या हिंदू म्हणूनच. सोवळेओवळे आणि खाण्यापिण्याचे नियम पाळीतच. सर्वांनी ख्रिस्ताकडे यावे, ही टिळकांची तळमळ. तरी स्वतःच्या घरात त्यांनी सक्ती केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतः विचार करून. हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये, टिळकांच्या तापट स्वभावासकट, मोकळेपणाने लिहिले. १९३६ साली त्या नाशिकलाच निवर्तल्या.

टिळकांनी धर्म बदलला, पण अभंग, ओवी, कीर्तन सोडले नाही. तुकोबांचे ऋण ते उघडपणे मानीत. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

आमच्यातले सगळेच असे वागले, असे मी म्हणणार नाही. भर बाजारात उभे राहून दुसऱ्यांच्या धर्माची नालस्ती करणारे प्रचारकही होऊन गेले. त्यामुळे मने दुखावली. जवळ कोणी आले नाही. वास्तविक प्रभू येशूने, ज्यांना आपण हजरत ईसा म्हणता, खरा शेजारी कोण हे सांगताना दाखला दिला तो शोमरोनी माणसाचा, म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीने परक्याचा! आम्ही तो दाखला दर वर्षी वाचतो. आचरणात आणणे अवघड जाते.

पालकहो, आपल्या धर्मातही सक्तीला जागा नाही, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. मग उरते ते रोजचे वागणे. शाळेत आपल्या मुलाच्या बाकावर दुसऱ्या धर्माचा मुलगा बसतो. त्याच्या डब्याला, उपवासाला, नावाला हसू नये, हे घरीच शिकवावे लागते. विद्यार्थ्यांनो, कोणी तुमच्या श्रद्धेविषयी विचारले तर न चिडता, न लाजता सांगा. आणि त्याचेही तितकेच मन लावून ऐका. आपल्यातला चांगला माणूस आणि त्यांच्यातला वाईट माणूस अशी तुलना कधी करू नका.

ज्याची श्रद्धा पक्की, त्याला दुसऱ्याच्या श्रद्धेचे भय वाटत नाही. आमच्या मुलांना मी हेच सांगतो. आपल्या मुलांनाही हेच सांगून आपली रजा घेतो.