एक चूल, एक पंगत
(महोत्सवाच्या पूर्वसंध्येस, पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्या मंडळींपुढें झालेलें भाषण)



उद्यां आपल्या धर्मग्रामाचा महोत्सव. पवित्र मिस्सा झाल्यावर मंदिराच्या आवारांत पंगत बसावयाची आहे, आणि तिच्या स्वयंपाकाचा भार येथें जमलेल्या आपण मंडळींनीं उचलला आहे. गेल्या महिन्याच्या बैठकींत असा एक विचार निघाला कीं, प्रत्येक वाडीनें आपापली चूल मांडावी, आपापलें रांधावें व आपापल्या मांडवांत जेवावें. म्हणजे तंटा नको नि बोभाटा नको. असें सुचविणारांचा हेतु वाईट नव्हता. परंतु त्यावर आमचें मत सांगण्यापूर्वीं एका परदेशी कालवणाची हकीकत आपणांपुढें ठेवावी, असें आम्हांस वाटतें.

कांहीं वर्षांपूर्वीं अमेरिकेच्या दक्षिणेस, लुइझियाना राज्यांत, न्यू ऑर्लिन्स शहराजवळील एका धर्मग्रामांत आम्ही पाहुणे म्हणून राहिलों होतों. तो मुलुख आपल्यासारखाच खाड्यांचा, कोळंबी-खेकड्यांचा व भात आवडीनें खाणारांचा. तेथें सणाच्या दिवशीं शंभर माणसांसाठीं मंदिरामागील मोकळ्या जागेंत एका अजस्र बिडाच्या भांड्यांत जें कालवण शिजलें, त्यास 'गंबो' म्हणतात.

त्याची रीत अशी. आरंभीं १ किलो मैदा व तितकेंच तेल मंद आंचेवर भाजावयाचें. यास तेथें 'रू' म्हणतात. हात क्षणभरही न थांबवितां, घोटीव तपकिरी रंग येईपर्यंत, तास-पाऊण तास तो ढवळावा लागतो. मग त्यांत कांदा, भोपळी मिरची व सेलरी नांवाच्या भाजीचे देठ बारीक चिरून पडतात. तेथील आचारी या तीन भाज्यांस कौतुकानें 'पवित्र त्रैक्य' म्हणतात. त्यावर कोळंबीचीं डोकीं व सालें उकळून केलेला सुमारें २५ लिटर रस्सा ओततात. धुरावलेल्या डुकराच्या मांसाचे सॉसेज, ५ किलो, चकत्या करून व परतून त्यांत सोडतात आणि तासभर रटरटूं देतात. शेवटच्या अर्ध्या तासांत खेकडे, अगदीं अखेरीस सोललेली कोळंबी व कालवें. कोळंबीस पांच मिनिटें पुष्कळ झालीं; अधिक शिजली तर ती चामट होते. कोणी त्यांत भेंडी घालतात. कोणी भांडें उतरविल्यावर सॅसाफ्रास झाडाच्या वाळल्या पानांची पूड, म्हणजे 'फिले', घालतात. ती चुलीवर उकळली तर कालवणास तार सुटते, म्हणून खालीं उतरवूनच घालावयाची. मग भातावर वाढावयाचें.

त्या दिवशीं रू ढवळणारा एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ होता. त्याचा हात दुखत असेल म्हणून आम्ही त्याच्या हातचें लांकडी वल्हें मागून घेतलें. इतक्यांत कोणी नमस्कार केला, आम्ही मान वळविली, आणि तेवढ्यांत रूमध्यें काळे ठिपके दिसूं लागले. आम्ही म्हटलें, "वरचा काळा भाग काढून टाकूं." तो हंसला, त्यानें सगळा रू ओतून दिला आणि भांडें घासून पुन्हां आरंभ केला. "फादर, तळाशीं जळलेलें वर आणखी कांहीं घालून झांकत नाहीं. त्याची कडू चव शंभर ताटांत जाते," असें तो म्हणाला.

दुसऱ्यानें तो रू होईपर्यंत आम्ही त्याच्याजवळ उभे होतों. तेव्हां त्यानें सांगितलें कीं, त्याच्या बालपणीं त्याच मंदिरांत त्याच्या कुटुंबास मागल्या बांकांवर बसावें लागे आणि सर्व गोऱ्यांनीं ख्रिस्तप्रसाद घेतल्यावर त्यांची पाळी येई. सणाचा गंबो मात्र त्याची आजीच शिजवी. तिच्या हातचें सर्व खात. तिच्याशेजारीं बसून कोणी खात नसे.

बंधुभगिनींनो, या कालवणाचा इतिहास पाहिला म्हणजे ही गोष्ट अधिकच खुपते. 'गंबो' हें नांवच आफ्रिकेंतील भाषांतील भेंडीच्या नांवावरून आलें, असें बहुतेक जाणकार मानतात. १७१९ पासून जहाजांत कोंबून ज्या आफ्रिकन लोकांस गुलाम म्हणून तेथें आणिलें, त्यांची ही देणगी. फिलेची पूड चोक्टॉ या मूळ रहिवाशांची. रू फ्रेंचांचा. १७५५ सालीं इंग्रजांनीं आजच्या कॅनडांतील अकेडिया प्रांतांतून जे फ्रेंच भाषिक कॅथोलिक हद्दपार केले, त्यांतील पुष्कळांनीं पुढें लुइझियानांत आसरा घेतला व हें भांडें आपलेंसें केलें. भांडें सर्वांचें झालें. पंगत मात्र झाली नाहीं. १७२४ च्या फ्रेंच कायद्यानें गुलामांस कॅथोलिक धर्माचा बाप्तिस्मा देण्याची सक्ती केली, पण त्यांच्या बेड्या काढल्या नाहींत. गुलामगिरी गेल्यावरही बांकें निराळींच राहिलीं. आपल्याच ख्रिस्तसभेंत हें घडलें, हें आम्ही लाजेनें सांगतों.

तथापि तेथेंच पश्चात्तापही झाला. १९५३ सालीं न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप जोसेफ रमेल यांनीं पत्र काढून बांकांवर, ख्रिस्तप्रसादाच्या वेळीं व पापनिवेदनाच्या ठिकाणीं वर्णभेद बंद करण्यास फर्माविलें. १९५५ सालीं जेझुइट बेंड येथें कांहीं लोकांनीं एका कृष्णवर्णीय धर्मगुरूस मिस्सा करूं दिली नाहीं, तेव्हां त्यांनीं तेथील उपासनाच थांबविली. १९६२ सालीं त्यांनीं कॅथोलिक शाळा सर्व वर्णांच्या मुलांस खुल्या केल्या आणि उघड विरोध करणाऱ्या तिघांस ख्रिस्तसभेबाहेर काढिलें. त्याच शहरांत लीआ चेस नांवाची एक कॅथोलिक स्त्री आपल्या कुटुंबाच्या भोजनगृहांत स्वयंपाक करीत असे. गोऱ्यांनीं व काळ्यांनीं एकत्र जेवणें कायद्यानें मना होतें, त्या काळीं तिनें समान हक्कांसाठीं झटणाऱ्या दोन्ही वर्णांच्या मंडळींस माडीवर एकत्र बसवून गंबो वाढला. पवित्र गुरुवारीं पालेभाज्यांचा गंबो करण्याचा तेथील रिवाज तिनें अखेरपर्यंत पाळला. २०१९ सालीं, वयाच्या ९६ व्या वर्षीं, ती देवाघरीं गेली.

आतां आपल्याकडे वळूं. आम्ही तरुण धर्मगुरु असतांना एका गांवच्या सणास गेलों होतों. तेथें पंगतीच्या कडेला, पत्रावळ हातांत धरून, एका पाड्यावरचीं माणसें उभीं होतीं. सर्वांचें आटोपल्यावर त्यांस बसवीत. आम्ही तें पाहिलें, कांहीं बोललों नाहीं आणि पहिल्या पंगतीस बसून जेवलों. त्या जेवणाची चव आम्हांस आज आठवत नाहीं. तीं उभीं माणसें आठवतात. संत पौलानें करिंथकरांस याच दोषाबद्दल खडसाविलें होतें: प्रभूच्या भोजनास जमून एक जण आधीं पोटभर जेवतो आणि दुसरा उपाशी राहतो, तर तें प्रभूचें भोजनच नव्हे. हें आम्हांस सेमिनरींत शिकविलें होतें. शिकलों होतों, पण उठलों नाहीं.

म्हणून, निरनिराळ्या चुलींनीं तंटा टळेल हें खरें. पण तळाशीं लागलेलें तसेंच झांकून आपण वर मसाला घालूं. तो वृद्ध म्हणाला तें आम्ही विसरलों नाहीं. आमचें मत असें कीं, चूल एकच असावी.

तेव्हां उद्यांची व्यवस्था ऐका. प्रत्येक वाडीनें आपलें जें उत्तम तें आणावें: कोणी तांदूळ, कोणी मासळी, कोणी भाजी, कोणी मसाला, परंतु सर्व एकाच चुलीवर चढेल. ढवळणारे हात आळीपाळीनें बदलतील, आणि शेजारीं शेजारीं दोन वाड्यांचीं माणसें असतील. पहिल्या पंगतीस वृद्ध, आजारी, आणि आजवर ज्यांस शेवटीं बसविलें तीं घरें बसतील. वाढपी आम्ही व समितीचे सभासद. आम्ही शेवटच्या पंगतीस बसूं. उरेल तें खाऊं.

पहाटे ४ वाजतां प्रार्थना करून चूल पेटवूं. ज्यांच्याकडे मोठे कलथे असतील त्यांनीं ते आज रात्रींच आणून ठेवावे. देव आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.