जुन्या जिप्सीचें दुखणें

डोंगरवाटा, ओढे आणि चिखल यांतून चालण्यासाठीं बांधलेली गाडी शहरांतल्या मोटारीसारखी म्हातारी होत नाहीं. शहरांतल्या मोटारीचें वय तिच्या मीटरवरील आंकड्यावरून बरेंचसें कळतें. हिचें वय कळण्यासाठीं ती कोणकोणत्या पाण्यांत उतरली होती, हें विचारावें लागतें. मारुतीची जिप्सी हें याचें सर्वांच्या परिचयाचें उदाहरण होय. १९८५ सालीं ती विक्रीस आली, सैन्य व पोलिसदल यांच्या सेवेंत तिनें लौकिक मिळविला, आणि २०१९ मध्यें सामान्य ग्राहकांस ती मिळेनाशी झाली. तेव्हांपासून जिला घ्यावयाचें ती जुनीच घ्यावयाची. हौस मात्र ओसरलेली नाहीं. सह्याद्रीच्या घाटांत भटकण्याची आवड असलेला एखादा गृहस्थ साठविलेले पैसे घेऊन बाजारांत जातो आणि ताज्या रंगाची, रुंद टायरांची गाडी पाहून भुलतो. रंगारी हा जुन्या गाडीचा सर्वांत वाक्पटु वकील असतो!

असा गृहस्थ प्रथम बॉनेट उघडून एंजिन पाहतो. खरें म्हणजे एंजिन ही या गाडीची त्यांतल्या त्यांत कमी काळजीची बाब आहे. आरंभींच्या गाड्यांत ९७० घन सेंटिमीटरचें व पुढें १२९८ घन सेंटिमीटरचें एंजिन आलें. हें दुसरें एंजिन एस्टीम मोटारीच्या एंजिनाचें भावंडच असल्यामुळें तें उलगडणारे मिस्त्री गांवोगांवीं आढळतात. निळा धूर, तेल पिणें, थंडींत सुरू होण्यास कुरकुर, हीं लक्षणें कोणासही दिसतात आणि त्यांचा भाव करतां येतो. न दिसणारें दुखणें खालीं, आंसांत असतें.

पुढच्या आंसाच्या दोन्ही टोकांस चाक ज्या सांध्यावर वळतें, तेथें वर एक व खालीं एक अशीं किंगपिनचीं बेअरिंगें असतात. तीं झिजलीं, कीं ताशीं पन्नास-साठ किलोमीटरच्या आसपास, एखाद्या लहानशा खड्ड्याचें निमित्त होऊन, पुढचीं चाकें एकाएकीं थडथडूं लागतात आणि स्टिअरिंग हातांत ठरत नाहीं. घाटाच्या उतारावर, मागें मुलेंमाणसें बसलेलीं असतांना हें झालें तर काय प्रसंग ओढवेल, हें सांगावयास नको. कांहीं विक्रेते स्टिअरिंगला नवा डँपर बसवून ही थडथड तात्पुरती दडपतात. म्हणून जुन्या गाडीवर एवढी एकच वस्तु कोरी करकरीत दिसली, तर संशय घ्यावा. परीक्षा सोपी आहे. पुढचें चाक जॅकवर उचलून तें वर व खालीं धरून हलवावें. खेळ जाणवल्यास दुसऱ्या माणसास ब्रेक दाबून धरण्यास सांगावें. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहींसा झाला, तर दोष बहुधा चाकाच्या बेअरिंगचा. तसाच राहिला, तर किंगपिनचा.

हीं बेअरिंगें कांहीं फार महाग नाहींत. परंतु तेथवर पोहोंचण्यासाठीं चाक, ब्रेक, हब आणि आंतला दांडा इतकें सारें उतरावें लागतें. म्हणजे खर्च वस्तूचा थोडा आणि मजुरीचा फार. म्हणून एकदां सांधा उघडलाच, तर आंतलें ऑइल सीलही त्याच वेळीं बदलून घ्यावें. तें फुटलें म्हणजे डिफरन्शियलमधलें तेल सांध्यांत उतरतें, तेथील ग्रीस पातळ होऊन वाहून जातें आणि चाकाच्या आंतल्या बाजूस काळा चिकट ओघळ दिसूं लागतो. शंभर-दोनशें रुपयांचें सील वांचवून तीच मजुरी सहा महिन्यांनीं पुन्हां भरणें, हा व्यवहार कोणत्याच हिशेबांत बसत नाहीं.

आतां पाण्याविषयीं. तासभर धांवून आंस तापलेला असतो. त्याच्या पोकळींतली हवाही तापलेली असते. अशी गाडी थंडगार ओढ्यांत उतरली, कीं ती हवा आकसते आणि जुन्या सिलांतून पाणी आंत ओढलें जातें. तेल दुधाळ होतें. मालकास कांहींच कळत नाहीं, कारण गाडी चालतच असते. आंत मात्र गंज चढून बेअरिंगें खडबडीत होतात आणि पुढें मागच्या बाजूनें घूंऽऽ असा आवाज येऊं लागतो. दुधाळ तेल वेळींच ओतून टाकलें तर काम शेंकड्यांत भागतें. क्राउन व पिनियन यांचे दांते गेले, तर तेंच काम हजारांवर जातें. म्हणून विकत घेण्यापूर्वीं दोन्ही आंसांचे व ट्रान्स्फर केसचे बूच उघडून तेलांत बोट बुडवून पाहावें. विक्रेता यास हरकत घेऊं लागला, तर तेंही एक उत्तरच आहे.

चारही चाकांस जोर देण्याची सोय हीच या गाडीची कीर्ति, पण तिचा गैरवापरही तितकाच. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां लांबचा मार्ग कापतात. हा फरक सोसणारी योजना पुढच्या व मागच्या आंसांमध्यें या गाडीत नाहीं. चिखलांत चाक घसरून तो फरक भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो सारा ताण दांड्यांवर आणि त्यांच्या क्रॉसवर येतो. गाडी सोडतांना खालीं ठणकन् आवाज आला, तर क्रॉस सैल झाले आहेत असें प्रथम धरावें. ते स्वस्तांत बदलतात. त्यांना वेळोवेळीं ग्रीस दिलें, तर तोही खर्च लांबतो.

गंज हा मात्र निराळा प्रकार आहे. कोंकणांत समुद्राच्या वाळूवर फिरविलेल्या गाडीचा तळ पायमोज्यासारखा विरलेला आढळतो, आणि त्यावर रबरी चटई छान अंथरलेली असते. चटई काढून पाहावी. चासीवर, विशेषतः पाट्यांच्या खुंट्यांपाशीं, लहान हातोडीनें टकटक करावें. पत्रा जोडतां येतो, त्यास काय पैसे लागतील तेवढे लागतात. चासीस तडा गेला असेल, तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडावी.

कागदपत्रांचें एक ओझें असतें. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षें चालते. पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करून ती नवी करावी लागते, आणि महाराष्ट्रांत त्यासोबत पर्यावरण कर येतो. पहिल्या मालकानें उंची वाढवून अवाढव्य टायर बसविले असतील, तर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखालीं तपासणीच्या वेळीं अडचण निघते. शिवाय त्या टायरांचा भार त्याच बिचाऱ्या किंगपिनांवर पडतो.

गाडी घरीं आल्यावर हातांत पैसे मोजकेच असतात. तेव्हां पहिला खर्च ब्रेकचा व पुढच्या सांध्यांचा, दुसरा सर्व तेलांचा व सिलांचा, तिसरा क्रॉस आणि ट्रान्स्फर केसच्या रबरी आधारांचा करावा. एंजिन चालत असेल तर चालूं द्यावें. बैठकी, दिवे आणि रंग पुढच्या वर्षीं.