वल्हवण्याचे यंत्र आणि दहाचा आकडा

व्यायामशाळेतील वल्हवण्याच्या यंत्रावर नवशिका बसला, की त्याचा हात प्रथम जातो तो चाकाच्या कडेच्या लहानशा दांडीकडे. तिच्यापुढे १ ते १० असे आकडे असतात. दहा म्हणजे सर्वांत अवघड, म्हणून सर्वांत गुणकारी, असा सरळ हिशेब करून तो दांडी वर सरकवतो आणि चार दिवसांनी कंबर धरून घरी बसतो. उत्साहाचा असा शेवट होण्याचे कारण एकच : त्या आकड्याचा अर्थ त्याला कोणी सांगितलेला नसतो.

डिक आणि पीट ड्रायसिगॅकर या वल्हवणाऱ्या बंधूंनी १९८१ साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात सायकलचे चाक घेऊन असे यंत्र सिद्ध केले. त्याची रचना साधी आहे. मूठ ओढली की साखळीने पात्यांचे चाक फिरते. पाती हवा ढकलतात आणि हवा चाकाला अडवते. दांडी, म्हणजेच डॅम्पर, फक्त हवेची वाट रुंद वा अरुंद करते. दहावर हवा भरपूर आत शिरते. त्यामुळे दोन ओढींच्या मधल्या अवकाशात चाक लवकर मंदावते व पुढच्या ओढीला त्याला पुन्हा जोराने गती द्यावी लागते. एकवर चाक फिरतच राहते आणि त्याला गाठण्यासाठी पायांना चपळाई लागते. पहिली ओझ्याने लादलेली होडी, तर दुसरी शर्यतीची निमुळती नौका.

खरा विरोध उत्पन्न होतो तो वल्हवणाऱ्याच्या जोरातून. चाकाचा वेग दुप्पट करायचा तर सुमारे आठपट शक्ती खर्चावी लागते. म्हणून तीनवर दांडी ठेवूनही बलदंड माणसाला घाम फोडता येतो आणि दहावर ठेवूनही आळशाला रेंगाळता येते.

शिवाय हा आकडा सर्वत्र सारखाही नसतो. जाळीत धूळ साचली की हवा कमी येते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहला हवाच विरळ. तेथील पाच आणि मुंबईचे पाच एक नव्हेत. यंत्राचा दर्शक मात्र दर ओढीनंतर चाक किती झपाट्याने मंदावते हे मोजतो आणि त्यावरून ‘ड्रॅग फॅक्टर’ काढतो. अंतराचा हिशेबही त्याच मापाने होतो. त्यामुळे दहावर ठेवल्याने कोणाला जास्तीचे गुण मिळत नाहीत.

नवशिक्याने तीन ते पाचच्या दरम्यान आरंभ करावा. पुष्कळ मुरलेले वल्हवे ११० ते १३० च्या आसपासच्या ड्रॅग फॅक्टरवर सराव करतात. आधी पाय, मग पाठ, शेवटी हात हा क्रम अंगवळणी पडावा. ओढीच्या आरंभीच पाठ वाकू लागली, तर दांडी निःसंकोच खाली आणावी. त्यात कमीपणा नाही. कंबर शाबूत राहिली, तरच उद्याचा व्यायाम घडणार असतो.